मांजरपाट

यादी वहीच्या पुठ्ठ्यावर:
बाराबंद्या सोळा, सुरवारी सोळा, शेले नऊ
(बाकीचे सात जण शेल्याशिवायच मरतात),
एक जामा, त्याला चोवीस कळ्या.
तळाशी दिग्दर्शकाच्या अक्षरात, दोनदा अधोरेखित:
अस्सल दिसलं पाहिजे.

सांगलीच्या कापड पेठेत शटरं गुडघ्याइतकी वर गेलेली.
भूपालअण्णा गादी झटकतात
आणि मी तोंड उघडायच्या आत
ताका भिरकावतात. साटन.
"राजा म्हटलं की हेच नेत्यात सगळी, ताई."
मी नखानं घासून बघते,
कापड किंचाळतं.
असलं कापड अंगात घालून
रात्रीचा गड कोण चढला असेल?

राजाचं चित्र मिळतं.
त्याच्या बाहीवरच्या बुट्ट्या मोजता येतात.
भालदार मात्र कडेला,
चौकटीनं निम्मा कापलेला,
चिताऱ्यानं कुंचला पुसायला उभा केल्यासारखा.
त्याचे बंद कुठल्या बगलेत होते,
ठिगळ आतून लावायचे की वरून,
आणि लावायचं कोण?

"मांजरपाट दाखवा अण्णा. पण कोरा नको."
"कापडाच्या दुकानात जुनं कापड मागताय व्हय?"
ते हसतात, मग हसण्याची घडी घालतात,
पोऱ्याला म्हणतात, माळ्यावरचं ते काढ.

ते म्हणजे चार ताके, सुतळीनं आवळलेले,
नदी दुकानात मुक्कामाला होती त्या वर्षीचे.
उलगडत जाते तशी पन्न्यावर एक मातकट रेघ
दर घडीला पुन्हा उगवते,
जणू पाणी अजून ठरवतंय
किती चढायचं ते.

"टाकवलं नाही," अण्णा म्हणतात,
"आणि विकायचं तरी कुणाला?"
मी दर विचारते.
ते नव्याचाच सांगतात.
दोनदा चहा होतो,
मीटरला बावीसवर तुटतं, वर दोन रिळं.
दया कुणी कुणावर करत नाही.

घरी रुबिना पातेलं चढवते.
चहाच्या पाण्यात कापड जुनं करायचं ठरलेलं,
ती चहापत्ती डब्यात परत जाते.
रेघ उकळूनही हटत नाही.
इस्त्री फिरली की वास येतो,
आम्ही दोघी खिडकी उघडतो
आणि त्याबद्दल काही बोलत नाही.

मगजी हातानं, अस्तर मशीनवर.
बंद नुसते दिसायला, खाली वेल्क्रो,
कारण दुसऱ्या अंकात चाळीस सेकंदांत
मावळ्यांचे मोगल व्हायचे असतात.
"इतिहासाला चिकटपट्टी," रुबिना म्हणते
आणि दातानं दोरा तोडते.

मापाला बिरू खोत येतो, मार्केट यार्डातून थेट.
वाक्य एकही नाही त्याला, भाला आहे.
बाराबंदी घालून काढतो, तर गळा पिवळा.
दिवसभर हळदीची पोती खांद्यावर.
"दोनदा आंघोळ केलीया, वहिनी," ओशाळतो.
मी म्हणते, धुऊ नकोस.
दिग्दर्शकाला सांगते, भंडारा आहे.

एक गोष्ट मात्र मी यादीत नसताना केली.
सोळा जणांची उंची वेगळी,
कुणी ताडमाड, कुणी दाराच्या कडीएवढा.
प्रत्येकाचं कापड जमिनीपासून मोजून बेतलं.
सव्वादोन मीटर जास्त लागलं,
ते पैसे मला अजून मिळायचेत.

प्रयोगाच्या रात्री पडदा वर गेला.
सोळा जण एका ओळीत, पाठीमागे रंगवलेला बुरूज,
आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत
छातीवरून गेलेली एकच रेघ, सरळ.
नगारा अजून वाजायचा होता.
तिसऱ्या रांगेतल्या एका बाईनं
पाय उचलून खुर्चीवर घेतले.

मी विंगेत होते.
बिरूचा डावा बंद लोंबत होता,
सुईत दोरा जाईना.